आवाज पुष्कळ झाले, आता सूर लावू द्या

सिंथेसायझर आणि स्टँडअलोन (संगणकाविना चालणारी) यंत्रं बनवणाऱ्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
यंत्रं आखणारे, घडवणारे आणि त्यांच्या किमती ठरवणारे सर्वजण,
मुक्काम हमामात्सू, इनागी, गोथेनबर्ग, बर्लिन आणि इतरत्र.

सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत तिकडे कॅलिफोर्नियात तुमचा नॅम शो, म्हणजे वाद्यांचं प्रदर्शन, भरतो, तेव्हा इकडे सोलापुरात होम मैदानावर गड्डा भरलेला असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस म्हणजे आमच्या कामाचे दिवस. कार्यक्रम उरकून, सामान टेम्पोतून उतरवून, रात्री आडवं झाल्यावर आम्ही मोबाईलवर तुमची नवी यंत्रं बघतो. किंमत वाचून मोबाईल उलटा ठेवतो. पण बघतो सगळं, आणि बघून जे बोलतो ते तुमच्यापर्यंत कधी पोचत नाही, म्हणून हे पत्र.

मी कीबोर्ड वाजवतो. लग्नातला ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, हुतात्मा स्मृती मंदिरातला सुगम संगीताचा कार्यक्रम, गणपतीच्या दिवसांत मंडळांची गाणी, जे येईल ते. आमच्या स्टेजवर काय असतं ते आधी सांगतो, कारण तुमच्या जाहिरातीत लाकडी टेबलावर रोपट्याशेजारी जो सिंथ ठेवलेला असतो, त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही. रोलंडचा एक्सपीएस-१०. यामाहाचे पीएसआर-आय मालिकेतले कीबोर्ड. कॅसिओची भारतीय आवाजांची मॉडेलं. एसपीडी-२० ऑक्टापॅड, ज्याच्या रबरावर काठ्या खाऊन खाऊन चकाकी आलेली. कोर्गचा पीए कीबोर्ड एखाद्याकडेच, आणि ज्याच्याकडे असेल त्याला लग्नसराईत मरायला फुरसत नसते. यातला बराच माल तुमच्या कॅटलॉगात नवशिक्यांच्या पानावर असतो. इथे त्याच्यावर संसार चालतात.

म्हणणं एकच आहे. आवाजांचा साठा वाढवत बसू नका. आहे तो आवाज आमच्या हातानं वळेल, आमच्या स्टेजवर टिकेल आणि आमच्या गावात दुरुस्त होईल, एवढं बघा. हजार आवाजांतले वीस-पंचवीसच आम्ही वाजवतो. उरलेले वाढदिवसाला जमलेली पोरं दाबून बघतात.

सुरापासून सुरू करतो, कारण रोजचं दुखणं तेच. गायक तानपुरा सोडून बसलेला असतो. आता तो बहुधा मोबाईलमधलाच. यमन सुरू होतो. त्याचा गंधार तानपुऱ्याच्या झंकारात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराशी जाऊन मिळतो, म्हणजे सा पासून साधारण ३८६ सेंटवर. माझ्या कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर, कारण तुम्ही सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत आणि प्रत्येकाला शंभर सेंट दिलेत. फरक चौदा सेंटचा. कागदावर किरकोळ दिसतो. पण मी तो स्वर धरून ठेवला की गायक मान वळवून माझ्याकडे बघतो आणि मी बोट उचलतो. निषादाचंही तेच, १०८८ च्या जागी ११००. पंचमाचं भागतं, तिथे फरक दोनच सेंटचा. म्हणून आमच्याकडचा मुरलेला कीबोर्डवाला गंधारावर रेंगाळत नाही. नुसता नमस्कार करून पुढे सरकतो. ऐकणाऱ्याला वाटतं ही त्याची शैली आहे.

वाद आजचा नाही. हार्मोनियमला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं, येत नाही, तिचे स्वर बांधलेले, अशा तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पुढे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम करून दाखवली. लाकूड, भाता आणि पितळी सुरांत जे करता आलं ते प्रोसेसरला करता येऊ नये, असं तुम्हीही म्हणणार नाही. आणि तुम्हाला ते येतंच की. स्वरांची फेरजुळणी यंत्राला कशी सांगायची याचा नियम मिडीत, म्हणजे यंत्रांच्या आपसात बोलायच्या भाषेत, १९९२ पासून आहे. कोर्गच्या मोनोलॉगमध्ये मायक्रोट्यूनिंग, म्हणजे एकेक स्वर किंचित वरखाली करायची सोय, आहे, नोव्हेशनच्या पीकमध्ये आहे, सिक्वेन्शियलच्या यंत्रांत आहे. अडलंय ते जागेवर. सोय मेनूच्या इतक्या खोल पोटात नेऊन ठेवलेली असते, की घरी चहा पीत बसलेल्यालाच ती सापडावी.

कार्यक्रमात काय होतं बघा. निवेदक बोलत असतो. गायिका वळून हळूच म्हणते, "दादा, पुढचं काळी चार." निवेदकाचं वाक्य संपेपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच माझा. ट्रान्सपोजचं बटण समोर आहे, ते दाबून होतं. पण घरी बसून मी गंधार-निषाद उतरवून ठेवलेत ते पांढरी एक सा धरून. काही यंत्रांत ही जुळणी ट्रान्सपोजबरोबर सरकते, काहींत जुन्याच जागी बसून राहते, आणि मग भलताच स्वर उतरलेला निघतो. कुठलं यंत्र काय करतं हे मॅन्युअलमध्ये सापडत नाही. ते स्टेजवरच कळतं, तेही पहिल्या आलापात.

आम्हाला हवंय ते असं. पॅनेलवर "सा" नावाचं एक बटण. ते दाबून धरायचं आणि ज्या पट्टीवर सा हवा ती पट्टी दाबायची, झालं. शेजारी बारा लहान नॉब, बारा स्वरांचे, वाजवता वाजवता फिरतील असे. आणि दहा-बारा जुळण्या साठवायला जागा, म्हणजे दरबारीचा कोमल गंधार आणि भीमपलासीचा कोमल गंधार एकाच ठिकाणी कोंबावे लागणार नाहीत. हे अशक्य आहे असं सांगू नका. अरबी आणि तुर्की बाजारासाठी काढलेल्या अरेंजर कीबोर्डवर पाव स्वराची बटणं तुम्ही मेनूतून काढून थेट वर आणून ठेवलीत. तिथल्या वादकांनी आग्रह धरला, तुम्ही ऐकलंत. आमच्या वाट्याला मात्र "भारतीय" म्हटलं की सितार, तबला आणि भांगड्याची एक स्टाइल येते. भांगड्याशी भांडण नाही, लग्नात तोच लागतो. पण तेवढ्यानं यंत्र भारतीय होत नाही.

मींडेचं दुखणं थोडं वेगळं आहे. पिच बेंडची, म्हणजे स्वर वळवायच्या काडीची, मर्यादा आधी ठरवावी लागते: एक अर्धस्वर, दोन, सात, बारा. स्वर झुलवायच्या आंदोलनासाठी एक पुरतो, सा वरून पंचमापर्यंत घसीट घ्यायची तर सात लागतात. दोन्ही एकाच गाण्यात लागतात आणि डाव्या हाताला अंदाजानं मध्येच कुठेतरी थांबावं लागतं. माझी सूचना साधी आहे. बेंडला राग कळू द्या. यंत्राला सांगून ठेवलं की आपण भूप रागात आहोत, तर गंधारावरून काडी पूर्ण ढकलल्यावर तो थेट पंचमावर जाऊन टेकावा, मध्यमावर अडखळू नये. आणि पंचमावरून ढकलली तर धैवतावर. मधला प्रवास माझ्या हाताचा, मुक्काम रागाचा. सॉफ्टवेअरच्या हिशेबानं हे काही फार मोठं काम नसावं. निदान पाच हजार नवे आवाज भरण्यापेक्षा तरी लहान.

हाताला लागेल अशी एकच सोय असली तर काय होतं, याचं उदाहरण आमच्याच मुंबईत घडलंय. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ अशी रोलंडची तीन यंत्रं मांडून रागांची तबकडी काढली. टीबी-३०३ हे मुळात बास गिटारवाल्याची उणीव भरून काढायला बनवलेलं खेळणं. त्यात स्लाइड होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता यायचं. सिंग फिल्मी स्टुडिओत मुरलेले वादक. त्यांना त्या घसरण्यात राग दिसला. त्या वेळी तबकडीला इथे कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा सगळं जग चकित झालं.

हमामात्सूकरांनो, तुमच्या यामाहाच्याच १९७७ च्या सीएस-८० मध्ये प्रत्येक पट्टीला वेगळा दाब कळायचा आणि स्वर घसरवायला रिबन होती. यंत्र एवढं जड की उचलायला चार माणसं लागावीत, पण होतं. मग पुढची चाळीस वर्षं ती पट्टीनिहाय दाबाची सोय स्वस्त यंत्रांतून गायब का झाली? २०१९ मध्ये हायड्रासिंथनं ती आवाक्यातल्या किमतीत परत आणली, तेव्हा कळलं की अडचण तंत्राची नव्हती. एमपीईचा, म्हणजे प्रत्येक स्वर वेगळा वळवायचा, नियम २०१८ मध्ये ठरला, मिडी २.० ला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. पट्टीचा दाब आणि नॉब १९८३ पासून १२८ पायऱ्यांच्याच जिन्यावर चढतायत. नवा जिना बांधून झालाय म्हणता, तर आमच्या किमतीतल्या यंत्रांना त्याचं दार कधी उघडणार?

आता लय.

तुमच्या बहुतेक यंत्रांवर सोळा चौकोन असतात. चार-चारचे चार गट, रंग वेगवेगळे. केरवा त्यात सुखानं बसतो, त्रिताल बसतो. रूपकासाठी सात आणि झपतालासाठी दहा घरं ठेवता येतात, हे मान्य. इलेक्ट्रॉनच्या यंत्रांत तर प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, तिथे तक्रारीला जागा नाही. प्रश्न मात्रा मोजण्याचा नाहीच. प्रश्न आहे लय चढण्याचा.

गणपतीच्या आधी आमच्याकडे मंडळांचे लेझीमचे सराव सुरू होतात. एखाद्या संध्याकाळी येऊन उभे राहा. हलगीवाला आधी जाळ करून हलगी शेकतो, चामडं ताणलं जाईपर्यंत, आणि अधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावतो. मग एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. सुरुवात सावकाश. पोरांचे पाय जुळले की तो लय अशी सरकवतो, की कुठल्या ठोक्याला वाढली ते सांगता येत नाही. दहा मिनिटांनी सगळे घामाघूम आणि लय जवळपास दुप्पट. हे तुमच्या यंत्रावर करायला बसा. टेम्पोचा नॉब फिरवला की आकडा टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि ऐकणाऱ्याला ती उडी कळते. काही यंत्रांत पॅटर्नपुरता टेम्पो बांधलेला, पॅटर्न बदलला की लय धपकन खाली. आम्हाला पॅडलखाली लय हवी आहे: पाय दाबला की चढेल, सोडला की तिथेच राहील. त्याहून चांगलं म्हणजे यंत्राला कान द्या. हलगीवर माईक लावला की यंत्रानं त्याच्यामागून चालावं. आज उलटं होतं. हलगीवाल्याच्या कानात हेडफोन घालून त्याला क्लिकमागे चालवतात. तो चालतो बिचारा, पैसे मिळतात म्हणून, पण नंतर ते ऐकताना तोंड वाकडं करतो.

आणि हलगीचा आवाज म्हणून यंत्रात जे भरलेलं असतं, ती एकाच शेकातली हलगी असते. तापलेली वेगळी बोलते, निवलेली वेगळी, मधोमध मारलेली वेगळी आणि कडेची वेगळी. ढोलकीच्या घुमाऱ्याचंही तेच. डावा हात चामड्यावर सरकतो तेव्हा तो घुमारा खालून वर जातो, आणि तो नसेल तर ढोलकी म्हणजे नुसता डबा. ऑक्टापॅडवर हे आम्ही पायातल्या पॅडलनं कसंबसं भागवतो. पॅडला कुठे मारलं आणि मारल्यावर किती दाबून धरलं हे दोन्ही कळेल, असे पॅड द्या. आठच द्या, पण कळणारे द्या.

स्टेजकडे येतो. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत नसेल. पारा ४३-४४ पर्यंत जातो, आणि लग्नं तेव्हाच असतात. मांडवाच्या पत्र्याखाली काळ्या रंगाचं यंत्र ठेवलं की नॉबला हात लावताना चटका बसतो. घामेजलेलं बोट टचस्क्रीनवर दाबलं तर दोन ठिकाणी दाबल्यासारखं होतं. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून पडद्यावर हाताची सावली धरून आवाज निवडायचा, म्हणजे एक हात त्यातच गेला. यंत्र काळंच का लागतं हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. फिकट रंग द्या, पडद्याशिवाय चालतील अशी निदान सहा-आठ बटणं द्या, आणि चाचणी वातानुकूलित खोलीत करत असाल तर एक नमुना मे महिन्यात इकडे पाठवून द्या.

विजेचं तर विचारूच नका. मांडवात अर्थिंग नसतं, जनरेटर सुरू झाला की व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. यंत्राला यूएसबीवरून वीज दिली की स्पीकरमधून बारीक चूं चूं सुरू होते, कारण वीज आणि आवाज एकाच जमिनीवरून धावतात. बॅटरीवर घेतलं की ती बंद. म्हणून बॅटरी ही चैन नव्हे. अकाईनं २०१७ च्या एमपीसी लाइव्ह या पॅडवाल्या यंत्रात ती घातली, तेव्हा आमच्यातल्या एकानं पहिला प्रश्न आवाजांबद्दल नाही, बॅटरी किती तास जाते याबद्दल विचारला होता. निदान एवढं करा, की वीज गेली तरी दहा मिनिटं यंत्र जिवंत राहील आणि जे चालू होतं ते आपोआप साठवलं जाईल. जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, वऱ्हाडी तेवढे थांबतात. त्यानंतर यंत्र पुन्हा चालू होऊन पडद्यावर तुमचं बोधचिन्ह फिरत बसलं तर मात्र थांबत नाहीत.

पूर्व भागात माझा एक मित्र आहे, घरात माग आणि मागाशेजारच्या खोलीत स्टुडिओ. यंत्रमागाची खटखट भिंतीतून येते, त्यामुळे गाणं रेकॉर्ड करायला त्याला एकच वेळ सापडते: वीज गेल्यावर. माग थांबतात, गल्ली गप्प होते, तेव्हा तो माईक लावतो. अशा वेळी बॅटरीवरचं यंत्र असेल तरच काम. दुसरं म्हणजे त्याच्या खोलीत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि फेडरच्या फटीतून आत जाऊन बसतात. काही महिन्यांत फेडर सरकवला की खर्रर्र होतं. तो फेडर बाहेर काढून पुसता येत नाही, कारण तो बोर्डावरच डाग दिलेला असतो.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात. एकाला ९ व्होल्ट आणि आत ऋण, दुसऱ्याला १२ व्होल्ट आणि आत धन, पिना मात्र सारख्याच जाडीच्या. अंधाऱ्या स्टेजवर चुकीची पिन गेली की यंत्र गेलं. युरोपनं २०२४ च्या अखेरीस मोबाईल आणि टॅबलेटला यूएसबी-सी सक्तीचं केलं. तुमच्यावर सक्ती होण्याची वाट बघू नका.

दुरुस्तीबद्दल मात्र थोडक्यात लिहिणार नाही. माझ्या कीबोर्डच्या दोन पट्ट्या दाबल्या की एकदम पूर्ण जोरानं वाजायला लागल्या. आतल्या रबरी संपर्काचा दोष, ज्यानं उघडून बघितला तो कुणीही सांगेल. कंपनीचं अधिकृत केंद्र दुसऱ्या शहरात. तिथे फोन केला तर आधी बिल मागितलं, मग यंत्र कुरियरनं पाठवा म्हणाले, मग सुटा भाग येत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल म्हणाले. बोर्डाच्या किमतीत जुना कीबोर्ड आला असता. शेवटी इथल्याच एका अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या मामांनी रबराच्या तुकड्यावर काय ते केलं आणि काम भागलं. हे मामा मिक्सर, अँप, बॅन्जो पार्टीचे पिकअप, ऑक्टापॅड सगळं उघडतात. त्यांच्याकडे तुमची सर्किटची आकृती नाही. असती तर त्यांनी निम्म्या वेळात केलं असतं. त्या आकृतीचं गुपित कुणापासून ठेवता? तुमच्या स्पर्धकाला ती लागत नाही, तो यंत्र विकत घेऊन उघडतोच.

तेव्हा मागणी अशी. प्रत्येक यंत्राची सर्व्हिस मॅन्युअल सर्वांना खुली ठेवा. रबरी पट्ट्या, एन्कोडर, फेडर आणि जॅक बाजारात मिळतील असेच वापरा किंवा विकायला ठेवा, यंत्र बंद झाल्यावरही दहा-पंधरा वर्षं. साठवण बाहेर काढता येणाऱ्या कार्डावर असू द्या. बॅटरी चार स्क्रू काढून बदलता यावी, चिकटवलेली नसावी. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या अशी क्षेत्रं घेतली. वाद्यांचा विचार त्यात वेगळा नाही. आमच्यासाठी तर कीबोर्ड हे अवजारच.

स्टँडअलोन म्हणवणाऱ्या यंत्रांना तर हे जास्तच लागू आहे, कारण आत संगणक बसवलेला असतो आणि संगणक लवकर म्हातारा होतो. एबलटननं मे २०२३ मध्ये पुश ३ काढला, प्रोसेसर बदलता येईल अशी रचना केली, म्हणून आम्हाला कौतुक वाटलं. आतला भाग इंटेलच्या एनयूसी या छोट्या संगणकांच्या घराण्यातला. दोनच महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये, इंटेलनं एनयूसीच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. हेतू चांगला असूनही दोरी दुसऱ्याच्या हातात राहिली. याउलट न्यूझीलंडच्या सिंथस्ट्रॉमनं त्याच वर्षी आपल्या डेल्यूज यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, सर्वांसाठी खुलं केलं, आणि आता वापरणारेच त्यात नव्या सोयी घालतात. म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण रचना आधीच खुल्या असल्यामुळे तिची यंत्रं आजही इतर लोक बनवतात. एखादं यंत्र विकणं तुम्ही थांबवलंत की त्याचं फर्मवेअर खुलं करा. तुम्हाला त्यातून काही मिळत नाही, आम्हाला "सा"चं बटण मिळू शकतं.

आणि स्टँडअलोन म्हणताना पहिल्याच दिवशी इंटरनेटवर खातं काढायला लावू नका. विकत घेतलेला आवाज यंत्राबरोबर दुसऱ्याच्या नावावर होऊ द्या. आमच्याकडे यंत्र तीन-चार हातांतून फिरतं. तिसऱ्या मालकाला पहिल्याचा पासवर्ड शोधत फिरावं लागू नये. जाता जाता, फाईलचं नाव देवनागरीत ठेवलं तर पडद्यावर चौकोन दिसतात, तेही बघा.

आमच्यातली तरुण पोरं या पत्राशी पूर्ण सहमत नाहीत, हे सांगायला हवं. जयंतीची आणि गणपतीची रिमिक्स लॅपटॉपवर करणारी ही पोरं. त्यांचं म्हणणं, यंत्र हवंच कशाला, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये सगळं आहे. मे महिन्यात तापून लॅपटॉप मिरवणुकीत बंद पडला की तीच पोरं एमपीसीच्या किमती विचारायला येतात, तो भाग वेगळा. त्यांची एक मागणी मात्र मला पटते: एकाच यंत्रात आठ वेगळे आउटपुट द्या, म्हणजे ढोल, बास आणि गाणं मिक्सरवर वेगवेगळं घेता येईल. दुसरी पटत नाही. त्यांना एक बटण हवंय, ज्यानं यंत्र स्वतःच चाल बांधून देईल. तुम्हीही त्याच वाटेवर निघालेले दिसता. तुमची मर्जी. माझ्यापुरतं सांगतो, चाल मी बांधीन. तुम्ही गंधार खाली आणून द्या.

किंमत हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. कस्टम, जीएसटी आणि कुरियर मिळून तुमचा आकडा इथे येईपर्यंत फुगतो, त्यात सगळा दोष तुमचा नाही. पण लहान यंत्रं बनवता येतात हे कोर्गनं २०१३ पासून व्होल्का काढून दाखवलंय. तशाच आकाराची, सेलवर चालणारी एक पेटी काढा, जिच्यात फक्त तानपुरा, सा बदलायचं बटण, बारा नॉब आणि आठ कळणारे पॅड असतील. बाकी काही नको. बेंगळुरूच्या राडेलनं इलेक्ट्रॉनिक तानपुरा भारतीय गायकांच्या घराघरात पोचवला, म्हणजे इथे गिऱ्हाईक नाही असं कुणी म्हणू नये. अशी पेटी लग्नाचा एक सीझन वाजवून फिटेल एवढ्या किमतीत आली, तर सोलापुरात किती खपतील ते बघायला स्वतः या.

आलात तर एक गोष्ट ठरवून या. हलगी, संबळ, दिमडी, ढोलकी यांचे नमुने तुम्हाला लागतील. पूर्वी असे लोक येऊन गेलेत: अर्धा दिवस वाजवून घेतात, जेवणाचं आणि येण्याजाण्याचं देतात, आणि मग तोच आवाज जगभर विकला जातो. तसं चालणार नाही. प्रत्येक वादकाचं नाव यंत्राच्या पडद्यावर आवाजाच्या नावाखाली दिसलं पाहिजे. पैसे ठोक नको, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे द्या आणि करार मराठीत लिहा. तेलुगू-कन्नड बोलणारे वादकही इथे आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत. आणि रेकॉर्डिंग संध्याकाळी ठेवा, हलगी शेकायला मोकळी जागा लागते आणि दुपारी इथे जाळाजवळ कुणी बसत नाही.

कळावे.

आपला,
सोलापूरचा एक कीबोर्डवाला